पेन बुडवून पाणी कळत नसतं

दुपारी जेवणं उरकून पेठ जरा आडवी झाली की टाय लावलेला एक पोरगा दारात येतो. पाठीला सॅक, बुटांवर गल्लीची धूळ. "वहिनी, पाणी तपासून देतो, फुकट." फुकट म्हटलं की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं कुठलंही दार उघडतं.

तो दोन पेले मागतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं 'शुद्ध'. मग सॅकमधून यंत्र निघतं. त्याच्या सळ्या दोन्ही पेल्यांत जातात, वायर प्लगला लागते. थोड्याच वेळात तुमचा पेला तपकिरी, मग काळपट हिरवा, आणि वर गाळाची साय. त्याचा पेला जसाच्या तसा. घरातली सगळी पेल्याकडं बघत राहतात. पोरगा आवाज खाली आणतो : "हे तुम्ही लेकरांना पाजताय?"

संपलं. आरओ यंत्राचे हप्ते ठरले.

आता जरा शांतपणे ऐका. तो गाळ पाण्यातला नसतो, सळीतला असतो. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते, लोखंडी सळी झिजते आणि तिचाच गंज पेल्यात तरंगतो. त्याच्या बाटलीतल्या पाण्यात क्षार जवळपास नाहीत, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून सळी शाबूत. पुढच्या वेळी त्याच्या शुद्ध पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, "आता लाव बाळा."

बाळ सॅक आवरून पलीकडच्या गल्लीत गेलेलं असेल.

सळ्यांचा खेळ पटला नाही तर दुसरं हत्यार तयार असतं. पेन. पाण्यात बुडवायचं, आकडा वाचायचा. टीडीएस. हल्ली पेठेत लोक एकमेकांना साखर किती, बीपी किती, त्याच सुरात टीडीएस किती विचारतात. आकडा मोठा निघाला की चेहरा पडतो. आकडा कशाचा, हे विचारायच्या आधीच पडतो.

आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे क्रमांक 10500. त्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत खुशाल प्या म्हटलंय, आणि दुसरा चांगला स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या, असंही. कोल्हापूरकर पितो ते पाणी भोगावती आणि दूधगंगेचं. म्हणजे सह्याद्रीत कोसळलेला पाऊस, धरणात साठवलेला. त्याचा आकडा पाचशेच्या कितीतरी खाली. बोअरचं पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी. पण नळाच्या पाण्यातले क्षार काढायला आरओ बसवणं म्हणजे टक्कल पडलेल्यानं न्हाव्याला आगाऊ पैसे देणं.

हे मी एकटा म्हणत नाही. मे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं केंद्राला सांगितलं की जिथं टीडीएस पाचशेच्या आत आहे तिथं आरओवर बंदी आणा. मग काय झालं? कंपन्या न्यायालयात गेल्या, मसुदे निघाले, नियम निघाले. जाहिराती त्या काळात एक दिवस थांबल्या नाहीत.

बरं, हे यंत्र एक लिटर पाणी देताना दोन लिटर, कधी तीन, मोरीत सोडतं. महापालिकेनं गाळलेलं, औषध घातलेलं, मैलोन्मैल पंपानं आणलेलं पाणी. ते मोरीतून गटारात, गटारातून जयंती नाल्यात. पेठेत पाणी कमी दाबानं येतं म्हणून मोर्चा काढणारे आपणच.

आणि ज्या गावानं टोल देणार नाही म्हणून रस्ते अडवले, नाके पेटवले, शेवटी सरकारला टोल रद्द करायला लावला, त्याच गावानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर टोलनाका ठोकून घेतला. वर्षाला मेंब्रेन, सहा महिन्यांना कँडल, सर्व्हिसचा करार वेगळा.

यावर कृती समिती नाही.

आता मुद्द्याचं. त्या पेनाला जंतू दिसत नाहीत. गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात थोडं मिसळलं तर आकडा जेमतेम हलतो, आणि माणूस मात्र आडवा होतो. कावीळ, कॉलरा, टायफॉइड, गॅस्ट्रो, यातल्या एकालाही टीडीएस नसतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत माणसांचे हातपाय लुळे पडायला लागले. गुलियन बारे. संशय गेला तो पाण्यावर आणि त्यातल्या कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जंतूवर. तिथल्या घरांत पेनं नव्हती काय?

आणि इंदूर? स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं. डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या वाहिनीत घाण पाणी शिरलं आणि माणसं मेली. बक्षिसं रस्त्यावरच्या कचऱ्याला मिळतात. पाइप रस्त्याखाली असतो.

म्हणून आपल्या गल्लीत वाकून बघा. खरंच वाका. मुख्य वाहिनीपासून तुमच्या मीटरपर्यंत येणारा अर्ध्या इंची पाइप कुठून येतो? जुन्या पेठांत याचं उत्तर बहुतेक वेळा एकच : गटारातून. रस्ता खोदायची परवानगी, पैसे, कटकट, सगळं वाचवायला प्लंबरनं तो गटाराच्या कडेनं टाकला, कधी सरळ आतूनच नेला. तुमच्या आज्यानं टाकून घेतला तेव्हा पाइप नवा होता. आता तो गंजून चाळणी झालाय. कोणी सायकलची ट्यूब गुंडाळलीय, कोणी चिंधी, कोणी एमसील लावलंय. आणि त्याच्या अंगावरून शेजारच्यांच्या मोरीचं पाणी झुळुझुळु वाहतंय.

पाणी चालू असतं तोवर दाब आतून बाहेर असतो, त्यामुळं गळतं ते चांगलं पाणी. चावीवाल्यानं चावी बंद केली की पाइप रिकामा होतो. रिकामा पाइप गप्प बसत नाही. भोवती जे आहे ते आत ओढतो. दिवसातले दोन-तीन तास पाणी आणि उरलेला दिवस हा कार्यक्रम.

त्यात आपण हुशार. दाब कमी म्हणून लाइनलाच थेट मोटर. मोटर नुसतं पाणी खेचत नाही. गल्लीतल्या प्रत्येक भोकातून गटारही खेचते. तुमच्या मोटरीनं ओढलेली घाण आधी तुमच्याच टाकीत येते, हा त्यातला एकमेव न्याय.

आणि ती मोटर ठेवलेली असते कुठं? नळाच्या खड्ड्यात. ओल्या फरशीवर. वायर उघडी, जोडाला चिकटपट्टी, अर्थिंगचा पत्ता नाही. पहाटे पाणी आलं की घरातली बाई ओल्या पायानं बटण दाबायला जाते. आरओला पंधरा-वीस हजार मोजणारं घर शॉक लागला की वीज तोडणाऱ्या ईएलसीबीला 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणतं. 30 मिलिअँपिअर गळती झाली की ते यंत्र झटक्यात वीज तोडतं. पण त्याला दिवा नाही, आवाज नाही, भिंतीवर रुबाब नाही. कोण घेणार?

बादलीत सोडलेली हीटरची कॉइल आणि खिडकी बंद केलेल्या बाथरूममधला गॅस गिझर हे आणखी दोन पाहुणे. गिझरच्या विषारी वायूला वास नसतो. पाण्याला वास आला की आपण महापालिकेला फोन करतो. त्या वायूबद्दल फोन करायला माणूस उठत नाही.

असो. पाण्याकडं वळू.

जंतूंवर स्वस्त इलाज शंभर वर्षांहून जुना आहे : क्लोरीन. मानक सांगतं की नळाशी पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. शिल्लक म्हणजे वाटेतले जंतू मारूनही उरलेलं. ते मोजायला महापालिकेचे आणि आरोग्य खात्याचे कर्मचारी ओटी टेस्ट करतात. छोट्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पांढरंच राहिलं तर नाही. इतकं सोपं की पाचवीतलं पोर करेल.

पण पाण्याला औषधाचा वास आला की पेठ ओरडते. "काय पाणी सोडलंय का पावडर?" वास नसला की खूश. वास्तविक ओरडायचं ते उलटं. ज्या दिवशी शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीनचा मागमूस नाही, त्या दिवशी वाटेत ते कुणीतरी खाल्लेलं असतं. ते कुणीतरी म्हणजे जंतू आणि घाण.

कुणी सांगेल, हे सगळं जुनं झालं, आता थेट पाइपलाइन आली. आली की! काळम्मावाडीच्या दूधगंगा धरणापासून पन्नासहून अधिक किलोमीटर. मागणी इतकी जुनी की घोषणा देणाऱ्यांचे केस पिकले. नोव्हेंबर 2023 च्या दिवाळीत पाणी पुईखडीला पोचलं, अभ्यंगस्नान झालं, फोटो छापून आले, श्रेयाचे फलक लागले. पंचगंगेच्या मैल्यातून गाव सुटलं म्हणून आम्हीही टाळ्या वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. बालिंगा आणि शिंगणापूर ही नदीकाठची उपसा केंद्रं महापुरात बुडायची. 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43. अर्धं शहर पाण्यात आणि सगळं शहर टँकरच्या रांगेत. 2021 ला पुन्हा तेच. गुडघाभर पाण्यात उभं राहून पिण्याचं पाणी मागायची वेळ आली.

पण थेट म्हणजे कुठंपर्यंत थेट? पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत. तिथून पुढं टाकी, टाकीतून जुनी वाहिनी, जुन्या वाहिनीतून तुमचा तो ट्यूब गुंडाळलेला पाइप. धरणातून स्वच्छ पाणी आणायचं आणि शेवटचे वीस फूट गटारातून न्यायचं. योजनेला कोट्यवधी, त्या वीस फुटांना चिंधी. अमृत योजनेतून वाहिन्या बदलायचं काम निघालं, रस्ते खोदले गेले. खड्डे सगळ्यांना दिसले. मुख्य वाहिनी नवी झाली तरी घराकडं वळणारा जोड जुनाच राहिला, हे किती जणांनी बघितलं?

त्यात नोव्हेंबर 2020 पासून पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासक. पाण्याची तक्रार कुणाच्या दारात नेऊन ओतायची, हेच पेठ विसरली. नगरसेवक होते तेव्हा तरी काय मोठं होत होतं, हा प्रश्न रास्त आहे. पण शिव्या द्यायला माणूस होता.

मंगळवार पेठेनं तर पाण्याचे चांगले दिवसही बघितलेत. कळंबा तलावाचं पाणी उताराच्या जोरावर पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यात यायचं आणि तिथून गावात जायचं. ना पंप, ना वीजबिल. संस्थानी काळातले लोक उतार मोजून कामं करायचे. आता कामं टेंडर मोजून होतात.

आपलं पाणी धरणातून आलं, आता आपलं घाण पाणी कुठं जातं तेही बघू. कसबा बावड्याला दिवसाला 7 कोटी 60 लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र आहे, दुधाळीलाही एक आहे. कागदावर चोख. जोराचा पाऊस झाला किंवा पंप बसला की जयंती नाला बांध ओलांडून सरळ पंचगंगेत. नदी तिथून खाली जाते. खाली इचलकरंजी आहे.

2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो आजारी पडले, माणसं दगावली. पुढं त्या गावानं म्हटलं, आम्हालाही स्वच्छ पाणी द्या. वारणेचं मागितलं, वारणाकाठानं विरोध केला. सुळकूडवरून दूधगंगेचं मागितलं, कागलकडून विरोध झाला. ज्या दूधगंगेचं पाणी कोल्हापूरला थेट आलं, तीच दूधगंगा. आपण धरणाचं पिऊन नदीत घाण सोडायची आणि खालच्यांनी तीच गाळून प्यायची. वर त्यांनाच विचारायचं, पंचगंगा आहे की, दुसरं पाणी कशाला?

याला कोल्हापुरी पाहुणचार म्हणत नाहीत.

नदी वाचवा म्हणून दरवर्षी बैठका होतात. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगले की अधिकारी येतात, बाटलीत नमुना भरतात, निघून जातात. मासे हे या जिल्ह्यातलं सर्वात प्रामाणिक प्रदूषण मंडळ. अहवाल द्यायला उशीर करत नाहीत.

ज्यांचा नळावरही विश्वास नाही आणि आरओवरही नाही, ते जार घेतात. वीस लिटर, गारेगार. लग्नात जार, वास्तुशांतीला जार, तालमीच्या मॅचला जार. सीलबंद बाटलीच्या पाण्याला स्वतंत्र भारतीय मानक आहे, क्रमांक 14543. जारवर काय असतं? फोन नंबर. पाणी कुठल्या बोअरचं, जार कधी धुतला, कशानं धुतला, काही विचारायचं नाही. गार आहे ना? मग शुद्धच.

गच्चीवरच्या टाकीचं तर बोलूच नये. झाकण वाऱ्यानं उडालं ते गेल्या पावसाळ्यात. त्यावर फरशीचा तुकडा. तळाला बोटभर गाळ. टाकी शेवटची कधी धुतली, हे घरात कुणालाच आठवत नाही, आरओची सर्व्हिस कधी हे मात्र मोबाइलवर येतं. महापालिकेनं कितीही क्लोरीन पाठवलं तरी असल्या टाकीत ते एका दिवसात संपतं. यात महापालिकेचा दोष नाही. म्हणूनच हा विषय कुठल्या आंदोलनात नसतो.

होत नाही असं नाही. कराडजवळच्या मलकापुरानं चोवीस तास पाणी करून दाखवलं. शाहूवाडीचं नव्हे, साताऱ्याकडचं मलकापूर. तेव्हा छोटी नगरपंचायत. मीटर बसवले, जास्त वापराला जास्त दर लावला, गळती शोधली. वाहिनीत सतत दाब असला की गटार आत शिरतच नाही. ओडिशातल्या पुरीत जुलै 2021 पासून नळाचं पाणी सरळ तोंडाला लावा म्हणतात. पुरीत यात्रेला लाखो लोक येतात. आपल्याकडं अंबाबाईला येणारा भाविक बाटली विकत घेतो आणि रिकामी बाटली रंकाळ्यावर टाकून जातो.

चोवीस तास पाणी म्हटलं की पेठेत पहिला प्रश्न : मीटरप्रमाणं बिल येणार काय? येणार. आरओच्या कँडलचंही येतंच की.

तोवर काय करायचं? पाणी खळखळून एक मिनिट उकळा, यानं जंतू मरतात आणि यासाठी हप्ता लागत नाही. आरोग्य खात्याच्या ताई मेडिक्लोरची बाटली देतात, ती कपाटात ठेवायला नसते. पाणी आल्या आल्या पहिलं थोडं बादलीत धरून झाडांना घाला. दर तीन महिन्यांनी टाकी घासा. लाइनला लावलेली मोटर काढा, आणि काढायची नसेल तर निदान शेजाऱ्याला पाणी गढूळ का आलं म्हणून विचारू नका.

आणि तपासायचंच आहे ना? मग पेन ठेवा बाजूला. एच-टू-एसची बाटली मिळते, स्वस्तात. तीन भारतीय संशोधकांनी 1982 मध्ये मांडलेली साधी चाचणी. बाटलीत नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावून उबेला ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची दाट शक्यता. मग पक्क्या तपासणीसाठी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, तिथं निर्जंतुक बाटलीतच नमुना न्यायचा. काळी झालेली बाटली वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर ठेवून बघा. दिलेल्या अर्जापेक्षा ती ऑफिस लवकर हलवते.

पेठेतल्या मंडळांना आणि तालमींना एकच सांगणं. डॉल्बीच्या वर्गणीतून एक ओटी किट घ्या. रोज पाणी सुटलं की गल्लीच्या पहिल्या आणि शेवटच्या घरात थेंब टाका, पिवळं की पांढरं ते फळ्यावर लिहा. सामन्याचा निकाल लिहिता त्याच फळ्यावर. आणि सलग तीन दिवस पांढरं आलं, तर पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला गल्लीत बोलवा, गटारातला पाइप दाखवा, आणि तो बदलून मिळाल्याशिवाय सोडू नका.